सही घेता, मग समजावून कोण सांगणार?

रेल्वेच्या कोणत्याही विभागीय रुग्णालयाच्या ओपीडीत सकाळी नऊ वाजता जाऊन उभे राहावे. खिडकीवर कार्ड दाखवायचे, नंबर घ्यायचा, बाकावर बसायचे. मग डॉक्टरच्या दाराशी उभा असलेला शिपाई नाव पुकारतो. दोनदा पुकारतो, फार तर तीनदा. जो उठला नाही तो गैरहजर. ज्याला ऐकूच येत नाही त्याने काय करावे, हे कुठल्याच फलकावर लिहिलेले नसते. काही ठिकाणी आता आकड्यांचा बोर्ड बसला आहे. चांगली गोष्ट आहे. पण बोर्ड फक्त दारापर्यंत पोहोचवतो. दाराच्या आत गेल्यावर डॉक्टर मान खाली घालून कागदावर लिहीत लिहीत प्रश्न विचारतात, तेव्हा बोर्ड काय कामाचा?

कामगार बंधू-भगिनींनो, कर्णबधिर माणसाच्या औषधपाण्याचा प्रश्न युनियनच्या पानावर कशाला, असे काही जणांना वाटेल. हा समाजसेवी संस्थांचा विषय आहे, रोटरीवाल्यांनी श्रवणयंत्रे वाटावीत, आपण महागाई भत्त्याचे बोलू, असेही म्हणणारे आहेत. त्यांच्यासाठीच हे लिहितो आहे.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखीव केल्या, त्यातला १ टक्का ऐकू न येणाऱ्यांसाठी होता. २०१६ च्या कायद्याने एकूण प्रमाण ४ टक्के केले आणि कर्णबधिरांचा १ टक्का कायम ठेवला. म्हणजे गेली जवळजवळ तीस वर्षे कर्णबधिर माणसे हक्काने या नोकरीत येत आहेत. वर्कशॉपमध्ये आहेत, स्टोअर्समध्ये आहेत, आरएमएसच्या सॉर्टिंगमध्ये आहेत, डिव्हिजन ऑफिसच्या टेबलावर आहेत. ते आपले सभासद आहेत, चंदा भरतात. टपाल खात्यातल्या ज्यांना सीजीएचएस लागू आहे त्यांच्या पगारातून त्याची वर्गणी दरमहा कापली जाते. रेल्वेवाला निवृत्त होताना आरईएलएचएसची रक्कम एकदम भरतो. ही वर्गणी कापताना कर्णबधिर आहे म्हणून कोणी चार आणे सूट दिल्याचे ऐकले आहे का? मग पैसे पूर्ण घेऊन सेवा अर्धी देण्याचा हा व्यवहार कुठला?

शिवाय कर्णबधिर फक्त नोकरीला लागलेलेच नाहीत. आपल्या क्वार्टर्समध्ये कोणाची पत्नी आहे, कोणाचा मुलगा आहे, कोणाचे म्हातारे आईवडील आहेत. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचे अपंगत्व असलेल्यांची नोंद ५० लाखांवर झाली. त्यांच्यासाठी प्रशिक्षित दुभाषे मात्र देशभरात शेकड्यांतच मोजावे लागतात.

हे पान वाचणारे अनेक जण महाराष्ट्राबाहेर आहेत. हुबळी, सिकंदराबाद, खरगपूर, जबलपूर. पहिल्यांदा बदली होऊन तिकडे गेलात तेव्हा आठवा. मूल तापाने फणफणले आहे, डॉक्टर तेलुगूत किंवा बंगालीत विचारतो आहे आणि आपण पोटावर हात ठेवून तोंड वाकडे करून दाखवतो आहोत. किती लाचार वाटले होते? आपण दोन-तीन वर्षांत कामापुरती भाषा शिकलो आणि ते दिवस मागे पडले. कर्णबधिर माणूस मात्र जन्मगावी, स्वतःच्या राज्यात, स्वतःच्या घराशेजारच्या दवाखान्यात आयुष्यभर तसाच परमुलखात असतो. तो कितीही शिकला तरी कान शिकत नाहीत. शिकायचे कोणी, तर समोरच्याने. नाही तर मध्ये दुभाषा बसवायचा.

आमच्या भागातल्या एका वर्कशॉपमधल्या फिटरची गोष्ट सांगतो. जन्मापासून ऐकू येत नाही, कामात मात्र एक नंबर. हर्नियाचे ऑपरेशन ठरले. रुग्णालय कोणते ते सांगत नाही, कारण हा प्रकार एका रुग्णालयापुरता नाही. आदल्या संध्याकाळी त्याला वॉर्डात घेतले, कागदावर सही घेतली. सिस्टरने तोंडाने सांगितले की रात्री दहानंतर काही खायचे नाही, पाणीसुद्धा नाही. त्याने मान हलवली. कर्णबधिर माणूस मान हलवतो म्हणजे त्याला समजले असे नसते. समोरचा त्रासून जाऊ नये म्हणूनही तो मान हलवतो, हे त्याच्याबरोबर काम करणाऱ्या कोणालाही माहीत आहे. सकाळी घरून डबा आला, त्याने पोळी खाल्ली. ऑपरेशन रद्द झाले. इथपर्यंत एकवेळ समजू. पण केसपेपरवर शेरा काय पडला? 'रुग्ण सहकार्य करीत नाही.' तीन दिवसांची रजा गेली, पुन्हा तारीख मिळायला दीड महिना गेला, आणि दोष त्याच्या नावावर चढला. पोटात अन्न असताना भूल दिली तर ते उलटून श्वासनलिकेत जाऊ शकते, माणूस दगावू शकतो. नशिबाने कोणीतरी वेळेवर विचारले. नाही तर शेऱ्याऐवजी पंचनामा झाला असता.

आता त्या सहीकडे येऊ. ऑपरेशनची संमती ही नुसती कोपऱ्यातली सही नव्हे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले आहे की उपचार कोणता, कशासाठी, त्यात धोका काय, दुसरा पर्याय आहे का, हे रुग्णाला पुरेसे सांगितले पाहिजे, तरच ती संमती खरी. जे त्याच्या भाषेत सांगितलेच नाही ते सांगितले असे कसे धरायचे? चार्जशीटवर 'मला समजले' अशी सही दबावाने घेतली तर आपण डिफेन्स हेल्पर म्हणून उभे राहतो आणि ती सही फाडून काढतो. इथे पोट फाडण्याच्या कागदावर तशीच सही घेतली जाते आणि कोणाला काही वाटत नाही.

यावर प्रशासनाची ठरलेली उत्तरे आहेत.

पहिले उत्तर : नातेवाईक बरोबर आणावा. ऐकायला सोपे आहे. नातेवाईक म्हणजे बहुतेक वेळा ऐकू येणारे मूल. आईच्या गर्भाशयात गाठ आहे, ती कसली असू शकते, हे तेरा वर्षांच्या मुलीने डॉक्टरकडून ऐकायचे आणि हातांनी आईला सांगायचे? ती पोरगी सांगेल की लपवेल? नवरा मारहाण करतो हे बाईने त्याच नवऱ्याला दुभाषा करून डॉक्टरला सांगायचे? गुप्तरोग, दारू, मनाचे आजार, मूल हवे की नको, या गोष्टी आपण स्वतःच्या भावासमोर बोलत नाही. कर्णबधिराला मात्र खाजगी असे काही नसतेच, असे धरून सगळे चालतात. आणि नातेवाइकाची एक सवय असते. डॉक्टर दहा वाक्ये बोलले की तो दोन सांगतो. 'काही नाही, गोळ्या घे, बरे वाटेल.' कीव करून सांगतो, पण रुग्णाच्या आयुष्याचा निर्णय तोच घेऊन टाकतो.

दुसरे उत्तर : लिहून देऊ. डॉक्टरांचे अक्षर आपल्याला तरी लागते का, हे सोडून द्या. खरा प्रश्न वेगळा आहे. मिलान येथे १८८० साली बहिऱ्यांच्या शिक्षकांची एक परिषद भरली आणि हातांची भाषा शाळेतून हद्दपार करून तोंडानेच शिकवायचे असा ठराव झाला. सभागृहात जवळजवळ सगळे ऐकणारे होते. कामगारांच्या पगाराचा ठराव मालकांनीच बसून करावा, तसला प्रकार. जगभर तीच चाल पडली, आपल्याकडच्या शाळाही त्याच वाटेने गेल्या. ज्या भाषेत मूल सहज बोलू शकत होते ती वर्गात बंद आणि जी ऐकू येत नाही तीच वर्षानुवर्षे घोटायची. परिणाम असा की शाळेत दहा-बारा वर्षे काढलेल्या अनेक कर्णबधिरांना लांब मराठी वाक्य वाचणे जड जाते. हा त्यांच्या बुद्धीचा दोष नाही. त्यांची पहिली भाषा हातांची आहे आणि तिचे व्याकरण मराठीचे नाही. 'जेवणानंतर दोन तासांनी, पण दुधाबरोबर नको' हे चिठ्ठीवर लिहून दिले म्हणजे समजले असे नव्हे.

तिसरे उत्तर : ओठ वाचतात ना ते! आरशासमोर उभे राहून आवाज न करता म्हणून पाहा : बाप, पाप, माप. ओठांची हालचाल तिन्हींना तीच. जाणकार कर्णबधिरसुद्धा अर्धे अधिक संदर्भावरून ताडतो. घरगुती गप्पांत ताडणे चालते, औषधाच्या मात्रेत चालत नाही. आणि २०२० साली करोनात सगळ्यांच्या तोंडावर मास्क आला तेव्हा ताडायलाही काही उरले नाही.

चौथे उत्तर सगळ्यात लाडके : खर्च. यासाठी कॅनडाचा एक खटला कामगार पुढाऱ्यांनी पाठ करून ठेवावा. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सरकारी आरोग्ययोजना होती, उपचार मोफत होते, पण खुणांच्या भाषेच्या दुभाष्याचा खर्च योजनेत बसत नव्हता. एक धर्मादाय संस्था दुभाषे पुरवीत होती, तिचे पैसे १९९० मध्ये संपले. सरकारकडे मागितले, सरकार नाही म्हणाले. त्यातले एक कारण असे की यांना दिले तर उद्या परक्या भाषेचे स्थलांतरितही मागतील! आपल्या डीआरएम ऑफिसातले 'प्रिसिडेंट होईल' हे वाक्य तिकडेही चालते म्हणायचे. त्याच काळात एका कर्णबधिर बाईला दिवस पूर्ण होण्याआधीच जुळी झाली. दुभाषा नाही. बाळंतपण चालू असताना नर्सने हातवाऱ्यांनी सांगायचा प्रयत्न केला की एका बाळाचे ठोके कमी झाले आहेत. जन्मल्याबरोबर दोन्ही बाळे उचलून नेली आणि आईच्या हाती चिठ्ठी दिली की ठीक आहेत. बस, एवढेच. ती, तिचा नवरा आणि मधुमेहाची रुग्ण असलेली रॉबिन एल्ड्रिज असे तिघे न्यायालयात गेले. खालच्या दोन्ही न्यायालयांत हरले. १९९७ च्या ऑक्टोबरात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातले बोलणे हा उपचाराचाच भाग आहे, ती काही वरची चैन नाही, आणि सर्वांना दिलेली सेवा ज्यांना घेताच येत नाही त्यांच्याशी तो भेदभाव ठरतो, असा त्या निकालाचा सारांश. खर्चाचा हिशेबही न्यायालयाने पाहिला. साऱ्या प्रांताला दुभाषे पुरवायचे तर अंदाजे दीड लाख डॉलर, म्हणजे प्रांताच्या आरोग्य अंदाजपत्रकाचा ०.००२५ टक्का. शंभर रुपयांत पाव पैसा.

आपल्याकडे कायदा नाही असे कोणी सांगू लागला तर त्याला बसवून वाचून दाखवा. भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २००७ साली मान्य केला. त्यावर २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला. त्याच्या कलम २५ मध्ये म्हटले आहे की सर्व सरकारी आणि खाजगी रुग्णालयांत दिव्यांगांना अडथळाविरहित प्रवेश मिळेल आणि तपासणीत व उपचारात प्राधान्य मिळेल. आता अधिकारी म्हणतील, आम्ही रॅम्प बांधला. रॅम्प हवाच, पण कर्णबधिराचे पाय धड आहेत, तो रॅम्पवरून काय करील? त्याच कायद्याच्या कलम २ मध्ये 'अडथळा' शब्दाची व्याख्या आहे आणि तिच्यात संवादाचा अडथळा स्पष्ट शब्दांत आहे. संवादाच्या साधनांतही खुणांची भाषा धरली आहे. आणखी एक, वाजवी सोय नाकारणे म्हणजे भेदभाव, हेही त्याच कलमात आहे. दोन कलमे शेजारी ठेवून वाचली की दुभाषा ही मेहेरबानी राहत नाही. कायदा मोडला तर कलम ८९ खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५०,००० ते ५ लाख रुपये दंड आहे.

कायदे होतात, शब्द बदलतात. अपंगाचा दिव्यांग झाला. रेल्वेने २०१८ साली सवलतीच्या फॉर्मवरचा 'मूकबधिर' हा शब्दही बदलला. पण अट तीच ठेवली : ऐकू न येणे आणि बोलता न येणे, दोन्ही एकाच व्यक्तीत आणि पूर्णपणे हवे. ज्याला ऐकू अजिबात येत नाही पण थोडेफार बोलता येते त्याला तिकिटाची सवलत नाही. हा वेगळा विषय आहे, त्यावर स्वतंत्र लिहावे लागेल. पण शब्द सुधारणाऱ्यांची नजर कुठे असते ते यावरून दिसते.

खरे तर हातांच्या भाषेला हसण्याचा अधिकार रेल्वे कामगाराला सगळ्यात कमी आहे. शंटिंगमध्ये पॉइंट्समन हात कसा फिरवतो त्यावर ड्रायव्हर इंजिन हलवतो. गार्डाच्या हिरव्या झेंडीवर हजार-दीड हजार माणसांची गाडी सुटते. टपालातल्या जुन्या तारमास्तरांनी टकटक आवाजावर जन्म-मृत्यूच्या बातम्या पोहोचवल्या. अर्थात आपले इशारे म्हणजे ठरावीक दहा-वीस आज्ञा. भारतीय सांकेतिक भाषा ही पूर्ण भाषा आहे. तिच्यात विनोद होतो, भांडण होते, युनियनची सभासुद्धा होऊ शकते. दिल्लीला २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले, त्याने २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा कोश काढला आणि २०२१ पर्यंत तो १०,००० वर नेला. त्यात वैद्यकीय शब्दही आहेत. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे. दुभाष्यांचा पदविका अभ्यासक्रम आहे. म्हणजे ज्ञान आहे, कोश आहे, संस्था आहेत. नाहीत त्या फक्त रुग्णालयातल्या जागा.

इथे एक भेद नीट ध्यानात घ्या, कारण वाटाघाटीत अधिकारी याच्यावरच बोट ठेवतील. आपल्यातले बरेच जण जन्मतः बहिरे नसतात, नोकरीने बहिरे होतात. बॉयलर शॉपमध्ये रिव्हेट ठोकणाऱ्यांचे बहिरेपण जुन्या वैद्यकीय पुस्तकांतही आहे. डिझेल शेडमध्ये, कॉम्प्रेसरजवळ वीस-पंचवीस वर्षे काढलेल्यांना घरी टीव्ही मोठा लावावा लागतो. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात आवाजाने आलेले बहिरेपण व्यवसायजन्य आजारांच्या यादीत होते आणि अपघाताने आलेले पूर्ण बहिरेपण म्हणजे कमाईची ताकद शंभर टक्के गेली असे धरले होते. क्षयाच्या जुन्या इंजेक्शनांनीही कित्येकांचे कान घेतले, म्हणजे औषधानेच. अशा माणसाला मेडिकल डिकॅटेगराइज करून दुसऱ्या पदावर घ्यावे लागते, कायद्याने त्याला काढता येत नाही की खालच्या हुद्द्यावर ढकलता येत नाही. या माणसांना खुणांची भाषा येत नाही आणि पन्नाशीत ती शिका म्हणणे हा जाच आहे. त्यांना स्वच्छ मराठीत लिहिलेले किंवा पडद्यावर उमटणारे शब्द हवेत. ज्याला जी भाषा लागते ती द्या, एवढी ही मागणी आहे. 'बहिरे' असा एक शिक्का मारून सगळ्यांना एकच गोळी देऊ नका.

आपल्यातलेच काही कार्यकर्ते विचारतात की यात मते किती? एका शाखेत दोन, फार तर चार. गँगमन बंगल्यावर राबवला जात होता तेव्हा मते मोजून कोणी भांडले नाही. आणि प्रशासन रोज पदे सरेंडर करत असताना दुभाष्याचे पद ही एक नवी मंजूर जागा आहे, हे त्या मित्रांच्या लक्षात येत नाही. कर्णबधिर आईवडिलांची ऐकू येणारी मुले ही भाषा पाळण्यातच शिकतात. त्यांना पदविका द्या, पद द्या, पगार द्या. आज ती मुले हेच काम फुकट करतात आणि शाळा बुडवून करतात.

पुढच्या पीएनएममध्ये प्रत्येक विभागाने हा विषय घालावा. मागणी अशी. रेल्वे रुग्णालये मानधनावर हृदयविकाराचे, मेंदूचे बाहेरचे तज्ज्ञ बोलावतात. त्याच पद्धतीने विभागीय रुग्णालयांनी प्रशिक्षित दुभाष्यांची यादी तयार करून मानधनावर बोलवावे, आणि मध्यवर्ती रुग्णालयांत कायम पद निर्माण करावे. दुभाषा येईपर्यंत व्हिडिओ कॉलवर दुभाषा जोडून द्यावा. २०२३ साली दिल्लीच्या केंद्राने तशी सेवा सुरू केली, ती वापरायला टॅब आणि चालणारे इंटरनेट एवढेच लागते. तातडीचा प्रसंग सोडला तर दुभाष्याशिवाय ऑपरेशनच्या कागदावर सही घेऊ नये, आणि नातेवाईक दुभाषा चालेल की नाही हे रुग्णाने ठरवावे. उमीद कार्डावर आणि केसपेपरवर, रुग्णाची इच्छा असेल तर, त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलावे याची नोंद हवी. नर्सिंग स्टाफला पन्नास-शंभर खुणा शिकवाव्यात आणि शिकवणारा कर्णबधिरच असावा. टपालवाल्यांनी हीच मागणी सीजीएचएसच्या दवाखान्यांसाठी जेसीएममधून लावून धरावी. मागणीपत्र लिहिताना कर्णबधिर सभासदांना समोर बसवा, त्यांच्या संघटनांना बोलवा. अखिल भारतीय बधिर महासंघ १९५५ पासून आहे, आपल्या काही युनियनांपेक्षा जुना.

प्रत्येक सरकारी कार्यालयात या कायद्याच्या कलम २३ प्रमाणे तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असला पाहिजे. तुमच्या डिव्हिजनमध्ये तो कोण आहे हे आधी लेखी विचारा. नाव मिळाले नाही तर तीच पहिली तक्रार. शाखांनी आपल्याकडच्या कर्णबधिर कामगारांची आणि कुटुंबीयांची माहिती, त्यांच्या संमतीने, विभागीय कार्यालयाकडे पाठवावी : कोणती भाषा लागते, कोणत्या दवाखान्यात जातात, गेल्या वर्षभरात काय अनुभव आला. आकडे हातात असले की बैठकीत 'आमच्याकडे असे कोणी नाही' हे उत्तर चालणार नाही.